चित्रकलेचा तास गावात भरवा

रेखाकला परीक्षेचे दिवस आले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ही नावे महाराष्ट्रातल्या कुठल्याही हायस्कूलच्या पालकाला समजावून सांगावी लागत नाहीत. सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या तोंडावर कला संचालनालयाच्या या परीक्षा होतात आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावी त्या दिवसांत बसस्थानकावरची गर्दीसुद्धा जरा वेगळी दिसते. ढाणकी, विडूळ, मुळाव्याकडची मुले-मुली काखेत ड्रॉइंग बोर्ड, एका हातात रंगांची पेटी आणि दुसऱ्या हातात ब्रश धुवायचा डबा सांभाळत एसटीतून उतरतात. परीक्षेच्या खोलीत टेबलावर तांब्या, दोन कांदे, एखादे वांगे आणि मागे मुद्दाम चुण्या पाडलेले कापड मांडलेले असते. मग स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. पेपर संपले की डब्यातले गढूळ पाणी मैदानात ओतून मुले घरी जातात, आणि बहुतेकांच्या आयुष्यातली चित्रकला तिथेच संपते.

ती तिथे का संपते, याचे उत्तर गुणपत्रिकेत आहे. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीच्या निकालात 7 गुण वाढतात, ब श्रेणीला 5, क श्रेणीला 3. या गुणांवर नाक मुरडणाऱ्यांतले आम्ही नाही. त्यांच्या आशेनेच खेड्यापाड्यांतल्या आईबापांनी रंगपेटीला पैसे दिले, आणि गणित-विज्ञानाच्या रेट्यात चित्रकलेचा तास वेळापत्रकात कसाबसा टिकून राहिला. पण गुण पदरात पडले की विषयाचे काम झाले, असा हिशेब त्यातून पक्का झाला. परीक्षा होताच तो तास इंग्रजीवाल्या सरांकडे जातो. चित्रे कपाटात जातात. गावाला त्या चित्रांचा पत्ताही नसतो.

एके काळी तो असायचा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत, म्हणजे फ्लेक्सचे कापड गल्लीगल्लीत लोंबू लागण्याआधी, तालुक्याच्या गावाचा चेहरा दोन माणसांच्या हातात होता. एक बाजारातला पेंटर आणि दुसरे हायस्कूलचे ड्रॉइंगचे सर. शाळेच्या दर्शनी फळ्यावर रंगीत खडूंनी काढलेले गाडगेबाबा, गणपतीच्या आरासीचा पडदा, गॅदरिंगचे नेपथ्य, सहकारी सोसायटीचा फलक, साथ आली की आरोग्य केंद्राच्या भिंतीवरची सूचना, हे सगळे या दोघांकडे यायचे. सरांच्या हाताखाली आठवी-नववीची चार-दोन पोरे असायचीच. भिंत आधी चुन्याने पांढरी करायची. मग गेरूत किंवा निळीत बुडवलेला सुती दोरा दोघांनी दोन टोकांना ताणून धरायचा, तिसऱ्याने मधोमध चिमटीत उचलून सोडायचा, की भिंतीवर लांबच लांब सरळ रेघ उठायची. अशा दोन रेघांत अक्षर बसवायचे. वेलांटी-मात्रेला वर जागा, उकाराला खाली जागा. वाक्य आधी मोजून घेतले नाही तर शेवटचा शब्द भिंतीच्या कोपऱ्यात अंग चोरून उभा राहतो आणि पुढे पाच वर्षे सगळे गाव त्याला हसते. अक्षरलेखनाचा पेपर तेव्हा असा भर रस्त्यात द्यावा लागे आणि तपासनीस रस्त्याने जाणारा कोणीही असे. त्या पोरांच्या मंडळाला कुणी क्लब म्हणत नव्हते, पण शाळेतल्या कलामंडळाने गावाच्या उपयोगी पडावे ही कल्पना आपल्याकडे परक्या मुलखातून आणायची गरज नाही, हे सांगण्यापुरता एवढा दाखला पुरे.

आज शाळांच्या कलेला गावात काम नाही असेही म्हणता येत नाही. उलट काम फार आहे, ही खरी अडचण आहे. मतदार जागृतीचा आदेश आला, काढा पोस्टर. स्वच्छता पंधरवडा आला, काढा पोस्टर. पाणी वाचवा, झाडे लावा, व्यसन सोडा, हेल्मेट घाला. फेरीच्या दिवशी मुलांच्या हातात ते कार्डशीट देऊन चौकात फोटो काढायचा, अहवालाला जोडायचा आणि कार्डशीट रद्दीत टाकायचे. एका मुलाने सहावीत काढलेली सुकी पृथ्वी आणि तिचा रडका चेहरा दहावीतही तसाच असतो. फक्त अश्रूंचे शेडिंग सुधारलेले असते. याला सेवा म्हणणे आम्हाला जड जाते. ही वेठ आहे. विषय वरून आलेला, घोषवाक्य वरून आलेले, तारीखही वरून आलेली. मुलाने स्वतः गावात काय पाहिले, हा प्रश्न त्यात कुणी विचारतच नाही.

बोलक्या भिंतींचेही तेच. 2024 च्या सुरुवातीला 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियान झाले, त्याआधी आणि नंतरही अशी अभियाने झाली, आणि जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा खरोखर देखण्या झाल्या. पाढे, नकाशे, फुलपाखरे, आगगाडीचा डबा झालेला वर्ग. हे वाईट नाही. पण त्यातल्या पुष्कळ भिंती मजुरी देऊन बाहेरच्या पेंटरकडून रंगवलेल्या असतात. ज्यांच्यासाठी भिंत बोलते, त्यांचा तिला हातच लागलेला नसतो. तालुक्याच्या हद्दीवर पैनगंगा सहस्रकुंडाला कड्यावरून कोसळते, अभयारण्यात साग, मोह आणि पळस उभे आहेत, आणि शाळेच्या भिंतीवर मात्र दोन त्रिकोणी डोंगरांमधून निघालेली नदी आणि तिच्या काठी नारळाचे झाड!

या बाबतीत विदर्भाच्या पोटात एक मोठा प्रयोग होऊन गेला आहे आणि आपण तो जवळजवळ विसरलो आहोत. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नयी तालीम निघाली. हाताने काम करत शिकणे हा तिचा गाभा. सूतकताई सगळ्यांच्या लक्षात राहिली. कला राहिली नाही. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेला देवी प्रसाद नावाचा तरुण 1944 मध्ये सेवाग्रामला आला आणि 1962 पर्यंत तिथल्या मुलांना चित्रे आणि मातीकाम शिकवत राहिला. या अनुभवावर त्यांनी 'शिक्षा का वाहन : कला' हे पुस्तक हिंदीत लिहिले. प्रत्येक मुलाला चित्रकार करायचे नाही, कलेच्या वाटेने त्याला आजूबाजूच्या जगाकडे आणि माणसांकडे नीट बघायला लावायचे, अशी त्यांची भूमिका होती. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात हे घडले. आज आपल्या कलाशिक्षकांच्या किती प्रशिक्षणांत त्यांचे नाव निघते?

देवी प्रसादांच्या गुरूंचा धडा त्याहून आधीचा, आणि तोही महाराष्ट्रातलाच. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे अधिवेशन पहिल्यांदाच एका खेड्यात भरले, खानदेशात फैजपूरला. सजावटीचे काम गांधीजींनी नंदलाल बोस यांच्यावर टाकले आणि अट घातली ती गावात मिळणाऱ्या साहित्याची. बांबू आणि गवताचा मांडव, गावच्या कारागिरांचे हात. देशातला नावाजलेला चित्रकार शेतकऱ्याच्या दारात पडलेल्या वस्तूंतून सौंदर्य उभे करत होता. पुढच्या, हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी त्यांनी केलेली चित्रे आज राष्ट्रीय ठेवा म्हणून जपली आहेत. त्यांच्यात शिंपी, सुतार, ढोलकीवाला, भात कांडणारी बाई अशी माणसे आहेत. जाणाऱ्या-येणाऱ्याने थांबून पाहावीत म्हणून ती उघड्यावर लावली होती.

दूरचे एक उदाहरणही घ्यावेसे वाटते. 1990 च्या सुमारास अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जॉन हार्टम नावाच्या हायस्कूलच्या कलाशिक्षकाने गावातल्या भुकेल्यांसाठी काहीतरी करायचे म्हणून विद्यार्थ्यांकडून मातीचे वाडगे करून घेतले. पाहुण्यांना बोलावले, त्या वाडग्यांतून साधे सूप आणि पाव वाढला, देणगी घेतली आणि वाडगा ज्याचा त्याला घरी नेऊ दिला. घरी तो फडताळात रिकामा दिसावा आणि कुणाचा तरी वाडगा रोज रिकामा असतो याची आठवण राहावी, एवढीच त्यातली युक्ती. 'रिकामे वाडगे' नावाने तो उपक्रम पुढे देशोदेशी पसरला. तो जसाच्या तसा उचलून उमरखेडला आणावा असे आम्ही सुचवणार नाही. पंगतीचे आणि महाप्रसादाचे आपले शहाणपण त्याहून जुने आहे. त्यातली घ्यायची गोष्ट वेगळी आहे. तिथे विषय वरून आलेला नव्हता. गावात भूक आहे हे एका वर्गाने पाहिले, आपल्या हाताला काय येते हे तपासले आणि दोन्हींची गाठ घातली.

मग उमरखेडच्या एखाद्या हायस्कूलच्या कलामंडळाने काय पाहावे?

28 सप्टेंबर 2021 ची सकाळ या तालुक्यात कुणी विसरलेले नाही. 'गुलाब' चक्रीवादळाचा पाऊस झोडपत होता. नांदेडहून नागपूरला निघालेली एसटीची बस उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर आली. पुलावरून पाणी वाहत होते. बस त्या पाण्यात शिरली, वाहून गेली आणि जीव गेले. ती तारीख नेमकी रेखाकला परीक्षांच्या हंगामातली आहे. पाणी पुलावरून चाललेले असताना ते किती खोल आहे, हे गढूळ पाण्याकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. ना ड्रायव्हरला, ना काठावरून "जाते, जाते" म्हणून हात करणाऱ्यांना. आणि खोलीचा फरक फार थोडा असतो. फूटभर जोरदार वाहते पाणी छोट्या मोटारीला रस्त्यावरून सरकवू शकते. दोन फुटांत बहुतेक वाहनांचा ताबा सुटतो. वर कडेला रस्ता कुठे संपतो तेही दिसत नाही.

अशा प्रत्येक सखल पुलाच्या दोन्ही टोकांना एक-एक खांब हवा. त्यावर पुलाच्या पृष्ठभागापासून मोजलेले फुटांचे पट्टे, आणि कडेला रस्त्याची हद्द दाखवणारे खुंट. हे सार्वजनिक बांधकाम खात्याचे काम आहे, ते त्यानेच करावे आणि पातळीही त्याच्याच अभियंत्याने उन्हाळ्यात, कोरड्या नाल्यावर आखून द्यावी. तिथे मुलांच्या अंदाजाला जागा नाही. पण तो खांब दिसावा कसा, हा शंभर टक्के चित्रकलेचा प्रश्न आहे. मुसळधार पावसात, पहाटेच्या अंधुक उजेडात, वायपर चालू असलेल्या काचेतून पन्नास पावलांवरून कोणता रंग आधी डोळ्यांत भरतो? लाल रंग त्या उजेडात काळपट पडतो. पिवळ्यावर काळे उठते. आकडा किती उंचीचा असावा? वाचता न येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यासाठी आकड्याशेजारी काय काढावे, घोट्यापर्यंत बुडालेला माणूस की चाकापर्यंत बुडालेली बैलगाडी? रंगसंगती, आकारमान, अक्षरलेखन, संकल्पचित्र असा सगळा अभ्यासक्रम त्या एका खांबात येतो. नमुना मैदानात उभा करावा, मुलांनी पावसात लांब उभे राहून तो वाचून पाहावा, चुकला तर पुन्हा रंगवावा. जिल्ह्यात असे सखल पूल काही कमी नाहीत. जुलै 2023 मध्ये शेजारच्या महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढा घातला तेव्हा हेलिकॉप्टर बोलवावे लागले होते. पुराशी आपली गाठ पुन्हा पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरे काम याहून लहान आणि घरातले. सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर म्हातारी माणसे कागदाच्या पुडीतल्या तीन रंगांच्या गोळ्या घेऊन उभी असतात. कोणती कधी, हे एकदा सांगितले जाते. ऐकताना मागची रांग ढकलत असते. आजींना वाचता येत नाही, तांड्यावरून आल्या असतील तर त्यांची बोली गोरमाटी, आणि नातू शाळेत. कलामंडळाने गोळ्यांसाठी चित्रांची पाकिटे करावीत. उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र. भरले ताट म्हणजे जेवणानंतर, रिकामे ताट म्हणजे जेवणाआधी. ऐकायला सोपे वाटते. करून पाहा. चंद्र बघून एखादी आजी विचारील, "पुनवेलाच घ्यायची का ही?" रिकामे ताट बघून दुसरी म्हणेल, उपाशी राहायचे असेल. मग चित्रकाराने घरी जाऊन विचार करायचा. चंद्राऐवजी अंथरूण काढावे का? रिकाम्या ताटाऐवजी चुलीवर चढलेली भाकरी? प्रत्येक पाकीट औषध देणाऱ्या माणसाच्या नजरेखालून गेलेच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण आपण काढलेले चित्र समोरच्याला कळले की नाही, याचा निकाल ज्या दिवशी आजी देईल, त्या दिवशी त्या मुलाला चित्रकलेचा जो धडा मिळेल तो तांब्या-वांग्याच्या मांडणीतून मिळणार नाही.

तिसरी गोष्ट शिकण्याची आहे. पुसद, महागाव, उमरखेड हा सगळा तांड्यांचा मुलूख. जुन्या पिढीतल्या बंजारा बायांच्या फेटियावर आणि कांचळीवर आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्यांचे जे भरतकाम असते, त्यात चौकोन, त्रिकोण आणि तिरक्या रेघांची अशी गणिते आहेत की संकल्पचित्राच्या पेपरात अ श्रेणी घेणाऱ्याने हात जोडावेत. ते काम येणाऱ्या बाया आता म्हाताऱ्या झाल्या आहेत आणि त्यांच्या नाती ड्रेस घालतात, ते ठीकच आहे. पण त्याच नाती चित्रकलेच्या तासाला वहीत कुठल्या तरी गाइडमधली फुले-पाने उतरवतात, हे ठीक नाही. कलामंडळाने तांड्यावर जाऊन एकेक नमुना आलेखाच्या कागदावर उतरवून घ्यावा, कुणी भरला, कुणाकडून शिकली, कशाला काय म्हणतात तेही लिहावे. आंध आणि गोंड वस्त्यांतल्या भिंती, भांडी, वाद्येही तशीच. आणि त्या बाईला शाळेत बोलवावे ते शिकवण्यासाठी, मानधन देऊन. शाल-श्रीफळ देऊन पाच मिनिटांत मंचावरून उतरवण्यासाठी नको.

हे सगळे करायचे कुणी? इथे अग्रलेखाला गोड बोलून चालत नाही. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळेला कलेचा निदेशक दिला, तोही अर्धवेळ. शंभराच्या आत पट असलेल्या शाळेतल्या मुलांना बहुधा डोळे आणि हात नसावेत! हायस्कुलांत निवृत्त झालेल्या कलाशिक्षकाच्या जागी दुसरा येत नाही, ही तर ठिकठिकाणची तक्रार आहे. जे आहेत त्यांच्याकडे ऑनलाइन माहिती भरण्यापासून निवडणुकीच्या कामापर्यंत सगळे असते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात कधीतरी दहा दिवस दप्तराविना ठेवा, मुलांना गावातल्या कारागिरांकडे पाठवा, असे सुचवले आहे. कागदावर सोय आहे. त्या दहातले चार दिवस कलामंडळाला द्यायला मुख्याध्यापकांना कुणाची परवानगी मागावी लागू नये. पैशाचे म्हणाल, तर दोन डबे रंग, चार ब्रश आणि पाकिटांचे कागद एवढ्यावर सुरुवात होते; गावातल्या एका वाढदिवसाच्या फ्लेक्सचा खर्च त्याहून कमी नसतो.

पालकांची हरकत आम्हाला ठाऊक आहे. "पोराने नाल्यावर रंग मारत बसायचे का?" त्यांना दोन गोष्टी सांगाव्या लागतील. एक, पाऊसकाळात मूल नाल्याजवळ फिरकणार नाही; काम एप्रिल-मेमधले आणि मोठ्यांच्या देखरेखीखालचे. दुसरी, ॲनिमेशन, वस्त्रोद्योग, जाहिरात असल्या अभ्यासक्रमांना जाऊ पाहणाऱ्या मुलाला काही ठिकाणी प्रवेशाच्या वेळी स्वतःचे काम दाखवावे लागते. तिथे तांब्याचे पंधरावे चित्र कुणी उचलून धरत नाही. मी हा फलक का असा केला, आधी कसा होता, कुणाला कळला नाही म्हणून काय बदलले, हे सांगणारे मूल मात्र परीक्षकाच्या लक्षात राहते. तरीही एवढ्यासाठीच हे करा असे आम्ही म्हणणार नाही. नाहीतर सात गुणांच्या जागी दुसरे सात गुण येऊन बसतील.

आणि कामाच्या कोपऱ्यात सही हवीच. बाजारातला पेंटर आपल्या नावाखाली 'आर्ट्स' लिहून मोकळा होत असे आणि त्याचा त्याला अभिमान होता. खांबाच्या मागच्या बाजूला शाळेचे नाव, इयत्ता आणि वर्ष लिहावे. उन्हापावसात ऑइलपेंट दोन-तीन पावसाळ्यांपलीकडे नीट टिकत नाही, म्हणजे पुढच्या तुकडीला तो पुन्हा लावावाच लागेल. त्या वेळी जुने आकडे ज्यांना वाचता आले नाहीत त्यांच्या तक्रारी तिने आधी ऐकून घ्याव्यात, बांधकाम खात्याकडून पातळी नव्याने तपासून घ्यावी, आणि मग डबा उघडावा.